बारीक दात्यांचं पातं

पिंपळनेरच्या आमच्या घराला दोन दारं होती. एका दारातून माणसं यायची आणि दुसऱ्यातून लोखंड. लोखंडाचं दार रस्त्यावर उघडायचं. तिथे नानांचा भाता, ऐरण, एक पाय मोडका असलेला लाकडी ओटा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली गाडीच्या चाकांवर चढवायची लोखंडी धाव. माणसांच्या दारातून आत आलं की चूल, जातं आणि माय. मध्ये एक बोळ होता, आणि माझं सगळं बालपण त्या बोळात ये-जा करण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल. माय कळण्याची भाकरी थापायला बसवायची आणि तिची पाठ वळली की मी भात्याची दांडी ओढायला पळायची. भाकरी थापणाऱ्या हातांना काजळी आणि भाता ओढणाऱ्या हातांना पीठ, अशी माझी दोन्हीकडे बोंब असायची. माय म्हणायची, या पोरीला कोण करून घेईल. नाना म्हणायचे, लोहाराच्या घरी दे, हुंड्यात छिन्नी देऊ. नानांना मुलगा नव्हता. मी थोरली, गोदा, आणि माझ्यापाठची काशी, सात वर्षांनी धाकटी. आमच्यासोबत नानांचे थोरले भाऊ राहायचे, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही म्हणायचो.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळायचं नाही, लोखंड परमिटावर मिळायचं, आणि करवतीची पाती तर मिळायचीच नाहीत. लोखंड कापायच्या करवतीला आमच्याकडे आक्सा म्हणत. तिची चौकट जन्मभर पुरते, पण पातं बाहेरून यायचं आणि ते बंद झालं होतं. नानांकडे जाड दात्यांची चार-पाच झिजकी पाती उरली होती आणि बारीक दात्यांचं एकच, कोरं, निळा रंग न उडालेलं, तेलकट कागदात गुंडाळलेलं. ते कुणी वापरायचं नाही असा हुकूम होता. नानांनी धुळ्याच्या एका मोडीत निघालेल्या कापसाच्या जिनातून बॉयलरच्या पोलादी नळ्या आणल्या होत्या. त्यांतून विहिरीच्या पंपाचं काहीतरी जुळवायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्या नळ्या कापायला ते पातं राखून ठेवलेलं होतं.

पात्याची निवड मला नानांनीच शिकवली होती. जाड भरीव सळई असली तर मोठे दाते, म्हणजे चुरा बाहेर पडायला जागा राहते. नळी असली, पातळ कड असली, तर बारीक दाते. “गोदे, कापाना आगोदर मोज,” ते सांगायचे. “कडवर तीन दात बसाले पाहिजेत. एक-दोनच बसनात तर कड दातमा अडकी, पातं उडी आनि दात मोडतीन.” मग माझ्या नखावर पातं टेकवून ते दाते मोजायला लावायचे. मोठे दाते पाहिले की वाटतं हे भराभर कापतील. सगळ्यांनाच वाटतं. नाना म्हणायचे, घाई झालेल्या माणसाच्या हाताला नेहमी मोठे दाते लागतात. हे मला पाठ होतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं असं कुणी म्हणू नये.

त्या नवरात्रात काशीने कड्याचा ध्यास घेतला. आमच्या आळीत एक धान्याचे व्यापारी राहायचे. त्यांच्या मुलीच्या हातात चांदीचं बारीक कडं आलं होतं, आणि ती मुलगी ते कडं दिवसभर वरखाली करायची. काशी आठ वर्षांची. तिने तीन दिवस जेवताना, झोपताना, दळणाला बसताना एकच धोशा लावला. “अक्का, माले बी असंच कडं पाहिजे.” माय तिला गप्प करायची, आबा डोळे वटारायचे, आणि ती माझ्याकडे बघायची. मला तिचं बघणं सहन व्हायचं नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मला माझा हात दाखवायचा होता. नानांनी कापलेली नळी आणि मी कापलेली नळी यांत फरक ओळखू येणार नाही अशी माझी घमेंड होती.

अष्टमीला नाना पहाटेच्या मोटारीने धुळ्याला गेले, परमिटासाठी. तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढावर उतारूंनी उतरून ढकलाव्या लागायच्या. नवमीला दिवेलागणीपर्यंत येतो असं सांगून गेले. दुपारी आबा झोपले, माय भगर निवडत होती. मी एक नळी ओट्यावर दाबली, कागद उलगडला, ते कोरं पातं चौकटीत चढवलं आणि नळीच्या तोंडाची एक चकती कापून घेतली, वाटाण्याएवढ्या रुंदीची. काय सुरेख कापलं त्या पात्याने! आवाजसुद्धा बारीक, रेशमी कापड फाडल्यासारखा. कानशीने कडा मारल्या, विटेच्या पुडीने आणि तेलाने घासघासून असं चकचकीत केलं की चांदी म्हणून खपावं. मग पातं काढून पुसलं. त्याच्या दोन्ही अंगांवरचा निळा रंग मधोमध खरवडला गेला होता. मी ते पुन्हा कागदात गुंडाळलं, कागदाच्या जुन्या घड्यांवरच घड्या घातल्या आणि जागच्या जागी ठेवलं.

कडं काशीच्या हाताला लहान होतं. हे मला घालतानाच कळलं होतं. पण रिठ्याच्या फेसाने हात बुळबुळीत केला, अंगठा तळव्यात दुमडला आणि जोर लावला. काशी ओठ चावून गप्प राहिली. शेवटी एकदाचं ते मनगटावर गेलं आणि ती अशी हसली की मला माझाच अभिमान वाटला. मी तिला म्हटलं, दसऱ्याला सोनं द्यायला जाशील तेव्हा सगळ्यांना दाखव, तोवर कोणाला सांगू नको. तिने ओढणीत हात लपवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यासारख्या हत्यारावर जगणाऱ्या घरात या दिवसाचं महत्त्व दिवाळीहून अधिक. आदल्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून तेल लावून ठेवायची, सकाळी पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा झाली की हत्यारं देव होतात. दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, भात्याला नाही, ऐरणीला नाही. नाना नसल्यामुळे त्या वर्षी पूजा आबांनी केली. घण, सांडशी, कानशी, छिन्न्या, जाड पातं चढवलेली करवत, आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, ते कागदातलं पातं. त्याच्यावर आबांनी कुंकवाचं बोट उठवलं तेव्हा मी कागदाच्या घड्या नीट आहेत ना ते पाहत होते. आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि काशी नव्हती वाजवत. मायने तिचा हात ओढणीतून ओढला.

तो हात मी अजून विसरले नाही. कोपरापासून मनगटापर्यंत बरा होता. कड्याच्या अलीकडे पलीकडे मांस फुगून वर आलं होतं, इतकं की कडं खोल घळीत रुतल्यासारखं दिसत होतं, आणि पुढचा पंजा टम्म सुजून जांभळा झाला होता. बोटं सरळ होत नव्हती. रात्रभर ती त्या हातावर निजली होती, आणि कोणाला सांगू नको म्हटलं म्हणून एक शब्द बोलली नव्हती. आरती तशीच थांबली. माय किंचाळली, “हाई काय शे वं? कोनी घालं हाई?” काशी म्हणाली, “माले सापडनं. मीच घालं.”

मग जे जे सुचेल ते केलं. तेल लावलं, रिठा लावला, हात गार पाण्यात बुडवून ठेवला, उंच धरून ठेवला. दोरा गुंडाळून सूज दाबायचा प्रयत्न केला, तर ती अशी ओरडली की आळीतल्या बायका धावत आल्या. पक्कड लावावी तर तिचा जबडा कड्याखाली शिरेना. छिन्नी लावायची तर खाली ऐरण हवी, आणि इथे खाली होता काशीचा हात. माय तिला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यात पळाली, मी मागे. डॉक्टरांनी नखं दाबून पाहिली. दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा रंग येईना. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी काही लपवलं नाही. “दुपार टळायच्या आत हे निघालं नाही तर पंजा राहत नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे हाड कापायची करवत आहे. लोखंड कापायची तुमच्या घरी आहे. जा, वेळ घालवू नका.”

आम्ही परत आलो तेव्हा आबा भात्याच्या खोलीच्या आतल्या दारात बसले होते, पाटाकडे पाठ करून, वाट अडवून. आबांना कुणी दुष्ट समजू नये. त्यांचा एकुलता एक मुलगा मी जन्मण्याआधी तापाने गेला. त्या वर्षी खंडेनवमीला कुणाच्या तरी गाडीचा कणा मोडला म्हणून आबांनी पूजेतला घण उचलला होता. बस, तेवढंच. पण आबांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना कायमच्या चिकटल्या होत्या. ते म्हणाले, “देव बसेल शेतस. सकाय उठतीन. आज हत्यार उचलं तर पोर हातनी नही, जीवनी जाई.” माय त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. त्या दिवशी तो खांद्यावर होता आणि तिला भान नव्हतं. तिने त्यांचे पाय धरले. “आबा, देव सकाय बी राहतीन. पोरना हात सकाय नही राही.” आबा रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. पण ते उठले नाहीत. काशीचं रडणं मात्र एव्हाना थांबलं होतं. ती मायच्या खांद्यावर मान टाकून नुसती बघत होती, आणि तिचं ते गप्प होणं मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

मी आबांच्या खांद्यावरून आत गेले. ओलांडूनच गेले. पाटासमोर गुडघे टेकले आणि हात पुढे केला. समोर दोन वस्तू होत्या. कागदातलं बारीक पातं आणि जाड पात्याची करवत. कुठली घ्यायची याचा विचार करायची गरजच नव्हती. वाटाण्याएवढी रुंद कड, तिच्यावर जाड पात्याचे तीन दाते बसणं शक्य नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माझा हात कागदावर गेला. आणि कागद उलगडला की दोन्ही अंगांचा खरवडलेला रंग दिसणार, मग नानांचं राखून ठेवलेलं पातं कोणी चालवलं, कडं कोणी कापलं, हे आबांना कळणार, मायला कळणार. एवढ्या एका क्षणात एवढं सगळं मनात आलं. मी हात उचलला आणि जाड दात्यांची करवत घेतली. स्वतःची समजूतही घातली. मोठे दाते आहेत, लवकर होईल.

मी रस्त्याचं दार आतून उघडलं आणि शेजारच्या दोन बायकांनी काशीला ओट्यापाशी आणून धरलं. मायने चमच्याच्या दांड्याने फुगलेलं मांस दोन्ही बाजूंनी दाबलं, खाली चहाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सरकवली. मी पातं टेकवलं आणि ओढलं. दाता कड्यावर अडकला. कडं जागच्या जागी फिरलं, त्याच्याबरोबर तिची कातडी फिरली, आणि काशी, जी गप्प झाली होती, ती पुन्हा ओरडली. मी पुन्हा ओढलं. चौकटीचं टोक तिच्या कोपराला लागलं. तिसऱ्या वेळी जोर लावला तर दोन दाते कट्कन मोडले, पातं उडालं आणि मनगटाच्या वर, पट्टीच्या पलीकडे, मांसात गेलं. रक्त आलं. पुष्कळ आलं. माय म्हणाली, “गोदे!” एवढंच. मी करवत टाकली. कड्यावर नुसता एक ओरखडा पडला होता, केसाएवढा. मला वाटलं, आता हात गेला, आणि तो माझ्यामुळे गेला, आणि मी हे कुणालाही न सांगता मरेन.

तेव्हा आबा उठले. ते आत आले, पाटासमोर वाकले, कपाळ जमिनीला लावलं आणि ते कागदातलं पातं उचललं. कागद त्यांनीच उलगडला. पातं त्यांच्या तळव्यावर होतं, आणि मधला निळा रंग दोन्हीकडून गेलेला मला माझ्या जागेवरून दिसत होता. आबांनी ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “फ्रेममा नही व्हवाव,” ते म्हणाले. “हात मधमा येस.” आणि घरातलं शेवटचं बारीक पातं, देवात बसलेलं, कुंकू लागलेलं, त्यांनी ओट्याच्या कडेवर ठेवून कट्कन मोडलं. मोडल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बोटभर लांबीचा तुकडा धोतराच्या चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिला. “धर. घाई करू नको. तीन दात बसतस का दखी ले.”

मी बोटांत तो तुकडा धरून कापायला लागले. थोडं थोडं घासत, एक बोट पुढे, एक बोट मागे. कडं तापायचं, माय पाणी सोडायची, मी पुन्हा कापायची. ओरखड्याची रेघ झाली, रेघेची खाच झाली. आबा काशीच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत होते, देवाची माफी मागत होते की मुलाची आठवण काढत होते, कोण जाणे. एक बाजू तुटली, पण पोलाद ते, वाकेना. दुसरी बाजू कापायला घेतली. बोटांना फोड येऊन फुटले, चिंधी ओली झाली. दुपार टळली की नाही हे विचारायचीही कुणाला हिंमत नव्हती. शेवटी पत्र्याच्या पट्टीवर पातं घासल्याचा आवाज आला, आणि आबांनी कड्याचे दोन तुकडे हलकेच बाजूला केले.

पंजा वाचला. दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, पुढे कधी पुरती मिटली नाहीत. मनगटावर करवतीचा तिरका व्रण राहिला. संध्याकाळी नाना आले, मोडलेलं पातं पाहून त्यांनी विचारलं, हे कोरं पातं आधी कोणी चालवलं होतं. आबा म्हणाले, “मीच. मनाकडथीन चूक व्हयनी.” नानांनी थोरल्या भावाला उलट प्रश्न केला नाही. आबा त्यानंतर फार जगले नाहीत, आणि त्यांच्या माझ्यात त्या गोष्टीवरून कधी एक शब्दही निघाला नाही. घरी, सासरी, नातलगांत एकच हकीकत सांगितली जाऊ लागली. गोदाक्काने पूजेतलं हत्यार उचलून बहिणीचा हात वाचवला. काशी स्वतःच सांगायची. लग्नात, बारशात, व्रण पुढे करून सांगायची. मी समोर बसलेली असायची आणि ऐकून घ्यायची. पहिल्या पात्याचं काय, असं कुणी विचारायचं नाही, कारण लोकांना पात्यातला फरक कशाला माहीत असणार. मला कौतुक घ्यायची सवय झाली. हे लिहिताना लाज वाटते, पण झाली.

आता काशीचे केस माझ्याहून पांढरे झालेत. मागच्या वर्षी मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. दुपारी पडवीत शेंगा फोडत बसलो होतो, ती तीन बोटांनी, मी पाच बोटांनी, तरी तिचा ढीग माझ्याहून मोठा. मला एकाएकी पुढचं बोलल्यावाचून राहवेना. म्हटलं, काशी, त्या दिवशी मला बारीक पातं घ्यायचं ठाऊक होतं. मी चोरी उघडी पडू नये म्हणून जाड घेतलं. तुझा हात फाटला तो माझ्या भीतीने फाटला. बोलता बोलता मला रडू फुटलं. या वयात रडलं की थांबता थांबत नाही.

तिने हातातली शेंग फोडून दाणे ढिगात टाकले. मग म्हणाली, “ठाऊक शे माले. तुना हात पहिले कागदवर गयेल व्हता. मंग तू तो उचला नि करवत लिधी. मी मायना खांदावरथीन तुनाच हातकडे दखत व्हती.”

मी म्हटलं, “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू कव्हय सांगस, त्यानी वाट दखत व्हती,” काशी म्हणाली.